जळगाव-धुळे, व्हाया सहा तारा

नवी कोरी की सेकंडहँड? इलेक्ट्रिक गिटार घेताना हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण गाव सोन्याचं, ऊन पंचेचाळीस डिग्रीचं आणि बजेट फ्रीलान्सरचं असेल, तर उत्तरासाठी एसटी पकडून थेट धुळं गाठावं लागतं!

“मोडमा कितला येतीन व माय?”

आमच्या घरात कुठलीही महाग वस्तू आली की आजीचा हा पहिला प्रश्न. म्हणजे, उद्या मोडायची वेळ आली तर हातात किती येतील? फ्रिज आला तेव्हा तिनं हेच विचारलं, माझा लॅपटॉप आला तेव्हाही हेच. जळगावची माणसं आहोत, काय करणार! आमच्याकडे सराफ बाजारात पाऊल ठेवायच्या आधी पोरींना दोन गोष्टी शिकवतात. सोन्याचा भाव बाजार ठरवतो, त्यावर वाद घालायचा नाही. वाद घालायचा तो घडणावळीवर. कारण सोनं तुमचं राहतं, घडणावळ मात्र दुकानाची पायरी उतरलात की गेली ती गेलीच.

तर गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या एका लेखमालेचं मानधन आलं. सहा महिने रखडलेलं. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना सांगायला नको, असे पैसे आले की ते आपले वाटतच नाहीत, रस्त्यात सापडल्यासारखे वाटतात. अठरा हजार. घरभाडं नाही (मी पुणं सोडून जळगावला परत आलेय, त्याला आता दोन वर्षं झाली), ईएमआय नाही. जेवताना मी जाहीर करून टाकलं, “मी इलेक्ट्रिक गिटार घेणार आहे.”

पप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “परत?”

या ‘परत’मध्ये सगळं आलं.

माळ्यावरचं भूत

२०१६ची गोष्ट. मी इथे विद्यापीठात मास कम्युनिकेशन करत होते. रॉक म्हणजे काय हे नुकतंच कळलेलं, त्यामुळे आपल्या हातात लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार असलीच पाहिजे अशी खात्री झालेली. ऑनलाइन एक ‘कॉम्बो’ मागवला. गिटार, छोटा अँप, केबल, बॅग, पट्टा, सगळं मिळून शाळेच्या दप्तराच्या भावात म्हणा ना! वर्षभर वाजवली. चार कॉर्ड आल्या. मग पुण्यात नोकरी लागली आणि गिटार गेली माळ्यावर, थेट स्लॅबखाली.

दोन उन्हाळ्यांनंतर ती खाली काढली. नेकवरून हात फिरवला आणि बोटातून रक्त! फ्रेटची टोकं दोन्ही बाजूंनी करवतीसारखी बाहेर आली होती. तारा कुठेही दाबा, खडखडाट. मान मागच्या बाजूला झुकलेली. मी ती परत बॅगेत घातली आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला नाहीच जमत.

त्यात माझं काही चुकलं नव्हतं, हे मला कळायला पुढची कित्येक वर्षं लागली. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतंही. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा भट्टीसारखी कोरडी. मग नेकवरची पट्टी आकसते, पण तिच्यात ठोकलेली धातूची फ्रेट थोडीच आकसणार? ती आहे तेवढीच राहते आणि टोकं बाहेर डोकावतात. नेकसुद्धा मागे वाकायला लागते आणि तारा फ्रेटवर टेकतात. पावसाळ्यात बरोब्बर उलटं. मुंबईत वर्षभर दमट हवा असल्यामुळे तिथल्या गिटारवाल्यांना हे इतकं जाणवत नाही. आमच्याकडे मात्र गिटारलाही ऊन लागतं!

यावर उपाय असतो. नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ॲलन की घालून ती थोडी सैल-घट्ट केली की नेक सरळ येते. पाच मिनिटांचं काम. पण ते करणारा माणूस हवा. आणि माझ्या ओळखीत तो नव्हता.

म्हणून यावेळी ठरवलं होतं, आधी माणूस, मग गिटार. प्रत्यक्षात अर्थातच मी आधी दुकानात गेले.

“ताई, कोणासाठी?”

मुंबईत हे सोपं आहे. धोबी तलावला १८६५पासून चालत आलेलं फर्टाडोज आहे, तिथे एका दुपारी दहा गिटार हातात घेऊन बघता येतात. जळगावच्या बाजारपेठेत वाद्यांची दुकानं आहेत, नाही असं नाही. पण त्यांचं पोट भरतं हार्मोनिअम, तबला, ढोलकी, भजनी मंडळाच्या टाळांवर आणि शाळांच्या लेझीम-ढोलांवर. गावाला गाणं नवीन नाही. दर जानेवारीत इथे बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. पण इलेक्ट्रिक गिटार? दुकानात छताला अकूस्टिक गिटारींची रांग, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन इलेक्ट्रिक.

“ताई, कोणासाठी? भाऊ शिकतोय का?”

“माझ्यासाठी.”

दुकानदारकाका एक क्षण थांबले, मग उत्साहाने प्लॅस्टिक फाडायला लागले. माणूस चांगला होता. नवीन घेण्याचे फायदे त्यांनी पटापट सांगितले आणि ते सगळे खरेच होते. पक्कं बिल, वॉरंटी, कोरी फ्रेट, आधी कोणी आपटलेली नाही याची खात्री, आणि काही निघालं तर दुकान इथेच आहे. तुम्ही पहिल्यांदाच घेत असाल आणि जाणकार मित्र सोबत नसेल, तर या गोष्टी छोट्या नाहीत.

मग मी हिशेब मांडला. साध्यातली नवी इलेक्ट्रिक आठ-नऊ हजारांत येत होती. तिच्यावर अँप सहा-सात हजार. बसलं बजेटमध्ये. पण ही गिटार म्हणजे माझ्या माळ्यावरच्या भुताची सख्खी बहीण. जरा बरी, म्हणजे यामाहा, कोर्ट, आयबानेझ किंवा फेंडरच्याच स्क्वायरमधली सुरुवातीची, घ्यायची तर सगळे पैसे तिच्यातच संपणार. अँपशिवायची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लाइट गेल्यावरचा मिक्सर! दिसायला छान, उपयोग शून्य.

प्लॅस्टिकमधली एक हातात घेतली. तारा जवळजवळ बोटभर उंच. दाबताना बोटं दुखली. “याचं सेटिंग कोण करून देईल?” मी विचारलं.

काकांनी खरं सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. “ते करणारा माणूस आपल्याकडे नाही ताई. पेटीचं करतो, तबल्याला शाई लावून देतो. हे बँडवाल्यांना विचारा. धुळ्याला एक मास्टर आहेत, बेंजो वाजवायचे. इलेक्ट्रिकचं सगळं काम ते करतात.”

आणि वहीच्या कागदावर नंबर लिहून दिला.

रस्त्यावरची इलेक्ट्रिक

इथे जरा थांबून बेंजोबद्दल सांगायलाच हवं. पुण्या-मुंबईच्या मित्रांना ‘बेंजो’ म्हटलं की अमेरिकन काउबॉय आठवतो. आमचा बेंजो वेगळा. ही लाकडाची लांबट पेटी असते. तिच्यावर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तार छेडायची. पुस्तकी नाव बुलबुलतरंग. हा मूळचा जपानी. नागोयातल्या गोरो मोरिता यांनी १९१२मध्ये ‘तैशोगोतो’ बनवला आणि तो फिरत फिरत हिंदुस्थानात आला. इकडच्या वादकांनी त्याला पिकअप लावला, वायर जोडली, कर्णा लावला, आणि गाडीवर चढवून वरातीत आणला.

खान्देशातलं लग्न बँडशिवाय लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. अहिराणी गाण्यांवर नवरदेवाचे मामा जे नाचतात, त्या गाण्यांचा तो चिरका, काळजात घुसणारा आवाज बेंजोचाच. म्हणजे तारेच्या कंपनातून वीज तयार करायची, ती स्पीकरमधून बाहेर काढायची आणि भर रस्त्यात धुमाकूळ घालायचा, हा इलेक्ट्रिक गिटारचा सगळा फंडा आमच्या गल्लीत आधीपासूनच होता! अमेरिकेतसुद्धा पहिली बाजारात चाललेली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचीच होती. रिकनबॅकरची, १९३२ची, तव्यासारखी दिसणारी. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली ती १९५४मध्ये. मी लहानपणापासून ज्या आवाजाला ‘गावठी’ म्हणून नाक मुरडत होते, तो माझ्या लाल गिटारचा चुलतभाऊ निघाला.

मास्टरना फोन लावला. ते म्हणाले, “या की. आणि घ्यायचीच असेल तर घाई करू नका. माझ्याकडेपण एक पडलेली आहे.”

त्याच रात्री वापरलेल्या वस्तूंच्या एका ॲपवर धुळ्यातलीच आणखी एक सापडली. देवपूर भागातली. जगप्रसिद्ध अमेरिकन नाव आणि किंमत फक्त नऊ हजार! मी हवेत. एका फेरीत दोन गिटार बघायच्या ठरल्या.

हाफ तिकीट

जळगाव ते धुळे साधारण नव्वद किलोमीटर, एसटीनं दोन तास. २०२३पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास असल्यामुळे बसमध्ये बायका जास्त, पुरुष कमी, आणि गप्पा फुल व्हॉल्यूमवर. पाळधी, एरंडोल, पारोळा... हा पूर्वीचा सहा नंबरचा हायवे, आता नंबर त्रेपन्न झाला तरी आम्ही ‘सहा नंबर’च म्हणतो. केळीचं हिरवंगार जळगाव तुम्हाला बघायचं असेल तर ते रावेर-यावलच्या बाजूला, तापीच्या काठानं. या रस्त्याला दिवाळीच्या सुमारास दिसतो तो कापूस. दोन्ही बाजूंना फुटलेली बोंडं, ओणव्या बायका आणि कापसानं फुगलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या.

शेजारच्या मावशींनी रिकामी गिटार बॅग बघून विचारलं, “यात काय नेतीस बाई?”

“अजून काही नाही. येताना गिटार.”

“बँडमध्ये आहेस का?” त्यांनी अगदी सहज विचारलं. पुण्यात हा प्रश्न कौतुकाचा असतो. इथे तो व्यवसायाचा असतो. मला दोन्हीपेक्षा हाच आवडला.

धुळं मला नेहमीच चक्रावून टाकतं. आपल्याकडची जुनी गावं वाकडीतिकडी वाढतात, पण जुन्या धुळ्याच्या गल्ल्या सरळ आणि त्यांना चक्क नंबर. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच! १८१८मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्यालय केलं आणि पेठ आखून वसवली. याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६मध्ये गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथे आहे आणि जुनी कागदपत्रं सांभाळतंय. जुन्या वस्तूचा कस कसा लावायचा, हे शिकायला गाव बरोबर निवडलं होतं म्हणायचं.

नऊ हजारांचं नाव

पहिली भेट पांझरेपलीकडे, देवपूरला. मुलगा नुकताच इंजिनीअर झालेला, हिंजवडीत जॉब लागलेला, सामान बांधून तयार. “मॅडम, एकदम मिंट कंडिशन. घाई आहे म्हणून देतोय.”

आणि खरंच ती चमकत होती. काळी, सोनेरी नॉब असलेली. हातात घेतल्यावर मला पुढचा सीन दिसायला लागला. स्टेज, धूर, मी...

मास्टरांनी फोनवर एक गोष्ट सांगून ठेवली होती. “आधी वाजवू नका. आधी बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरा.” म्हणजे गिटारचा मागचा भाग डोळ्याजवळ घ्यायचा आणि नेकच्या कडेनं टोकापर्यंत नजर टाकायची. शेतकरी गाडीचं जू सरळ आहे का बघतो ना, तसं. मी धरली. डावी कड सरळ गेली. उजवी कड मध्येच वर उचललेली, तळलेल्या पापडासारखी.

नेक पुढे-मागे वाकली असेल तर ट्रस रॉडनं सुधारते. पीळ बसला असेल तर सहसा नाही. रॉडच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च मारला, तर नटाचे कोपरे झिजून गोल झालेले. कोणीतरी चुकीच्या मापाची चावी घालून जोर लावला होता. वरच्या टोकावरचं प्रसिद्ध नाव नखानं किंचित खरवडलं, तर स्टिकरची कड सुटली.

मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यानंही ती कोणाकडून तरी अशीच, नावावर भाळून घेतली होती. “तरीच बोटं दुखायची...” तो हळूच म्हणाला. २०१६मधली मी समोर बसलेय असं वाटलं. नाही म्हणणं जड गेलं. पण म्हटलं.

गल्लीतला मास्टर

दुपारी मास्टरांच्या घरी. खाली वखार, वर दोन खोल्या. भिंतीवर बँडचा जुना ग्रुप फोटो, लाल कोट, सोनेरी झालर. कोपऱ्यात बेंजो, कीबोर्ड आणि उघड्या पोटाचे तीन अँप. साठीच्या पुढचे, बोलणं कमी. आता बँडमध्ये जाणं जवळजवळ बंद. “डीजे आला, मग गाडीवर माणसं कमी झाली. आता एक कीबोर्डवाला सगळं वाजवतो. मी दुरुस्ती करतो.”

कपाटावरून त्यांनी बॅग खाली घेतली. यामाहा पॅसिफिका ०१२, निळी. ‘पॅसिफिका’ ही यामाहाची १९९०पासूनची मालिका. त्यातली ही नवशिक्यांसाठीची, इंडोनेशियात बनलेली, स्टेजवर मिरवायची नाही तर शिकायची गिटार.

“पोऱ्यानी शे,” मास्टर म्हणाले. “सुरतले नोकरी लागनी त्याले. आते कोन वाजाडीन?”

खान्देशातून सुरतला जाणं काही नवीन नाही. आमच्याकडची निम्मी तरुण पोरं त्या गाडीत बसलेली आहेत. पण मास्टरांच्या मुलाला गिटार घेऊन जायचं होतं पुण्याला, कुठल्याशा बँडमध्ये. ते जमलं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी मला गिटार कशी बघायची ते शिकवलं. नेकला ते ‘दांडी’ म्हणतात, फ्रेटला ‘पडदे’. दांडी सरळ होती. बाराव्या पडद्यावर तारेची उंची बघितली, दोन मिलिमीटरच्या आत. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्श करून वाजवायची, मग त्याच जागी दाबून वाजवायची. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये ते एक आले. प्रत्येक तार, प्रत्येक पडदा, एकेक करून. कुठे खडखड, कुठे मुका सूर, सगळं ऐकायचं. याला अर्धा तास लागतो आणि तो द्यायचाच.

“हे बघ बेटा.” त्यांनी पहिल्या तीन पडद्यांकडे बोट दाखवलं. बारीक तारांखाली खाचा पडल्या होत्या. बाराव्याच्या पुढचे पडदे मात्र कोरे करकरीत. “कॉर्ड वाजवायचा. सोलोला गेलाच नाही.” मुलाबद्दल एवढंच बोलले.

खाचा किती खोल आहेत ते नखानं बघितलं. चालण्यासारख्या. अँपला जोडली. आवाजाचं बटण फिरवलं की करकर, जॅक हलवला की आवाज गायब. मी नाराज झाले. मास्टर हसले. करकर म्हणजे आत धूळ, स्प्रे मारला की जाते. जॅकची वायर सुटत आली होती. सोल्डरिंग गन तापवून त्यांनी माझ्यासमोर ती जोडली. “हे दोष नाहीत. हे काम आहे. दांडी पिळलेली असली तर तो दोष.”

हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं. सेकंडहँडच्या बाजारात आपण नेमके उलटे घाबरतो. ओरखडा, धूळ, करकर बघून पळतो आणि चकाकी बघून पैसे काढतो.

मग गुणगुण. अँपमधून सतत ‘हूँऽऽ’ येत होतं. तारांवर हात ठेवला की कमी होत होतं. ही पन्नास हर्ट्झच्या आपल्या घरगुती विजेची गुणगुण, एका वेटोळ्याचा पिकअप ती उचलतोच. या गिटारवर पुलाजवळचा पिकअप दोन वेटोळ्यांचा आहे, हंबकर. दोन वेटोळी एकमेकांची गुणगुण मारतात. स्विच तिकडे टाकला आणि शांत! पण मास्टरांनी बजावलं, “तार धरल्यावर झिणझिणी आली तर गिटार लगेच सोडायची आणि अर्थिंग बघायचं. तीन पिनचाच प्लग लावायचा. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला नुसतं भोक असतं, मागे वायरच नसते.”

घडणावळ

“किती?” मी विचारलं.

“तेरा.”

माझ्यातली जळगावकर जागी झाली. काका, ही शोरूममधून बाहेर पडली तेव्हाच घडणावळ गेली. आता घडणावळ सोडून बोला. पडदे झिजलेत, तारा नव्या लागतील. मी दहा म्हटलं. ते हसले, आमच्या गावचा हा हिशेब त्यांनाही माहीत होता. अकरावर आले. म्हणजे उरलेल्या सात हजारांत छोटा अँप आणि तारा बसत होत्या. डील!

पण मास्टरांनी पैसे घेतले नाहीत. आधी मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

“एक पोर उनी शे. जयगावनी. तुनी गिटार लई ऱ्हायनी.”

तिकडून काही क्षण फक्त यंत्रांची घरघर ऐकू आली. मग, “वाजाडनार शे ना ती? का भिंतवर टांगनार?”

मास्टरांनी माझ्याकडे बघितलं. एवढा अवघड इंटरव्ह्यू मला नोकरीतसुद्धा झाला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं. मी माळ्यावरच्या लाल गिटारबद्दल सांगितलं. वर्षभर वाजवली, मग सोडली, मग ती उन्हानं गेली, सगळं. म्हणाले, “यावेळी सोडणार नाही असं सांगू शकत नाही. पण माळ्यावर नाही ठेवणार.”

फोनवर परत घरघर. मग तो म्हणाला, “पट्टा बी दी टाका बाबा. कपाटमा शे.” आणि फोन ठेवला.

मास्टरांनी कपाटातून पट्टा काढला. कापडी, एका टोकाला बॉलपेननं लिहिलेलं पोराचं नाव. मी म्हटलं, “काका, उद्या त्याला परत वाजवावंसं वाटलं तर?”

“तर तुझा नंबर आहे ना माझ्याकडे,” ते म्हणाले. अकरातले पाचशे त्यांनी परत माझ्या हातात ठेवले. “तारा घे. आणि मार्चअखेर आणायची. ऊन चढायच्या आधी रॉड थोडा सैल करावा लागतो. पाऊस लागला की परत आवळायचा. वर्षातून दोनदा. हे मी करून देईन.”

परतीच्या बसमध्ये गिटार मांडीवर उभी धरून बसले. ड्रायव्हरदादा म्हणत होते टपावर टाका, मी ऐकलं नाही. विचार करत होते की मी नक्की काय विकत घेतलं? लाकूड आणि तारा तर दुकानातही होत्या. इथे मला वर्षातून दोनदा उघडणारं एक दार मिळालं. नव्या गिटारला एक वर्षाची वॉरंटी असते. माझ्या सेकंडहँडला गल्लीतला मास्टर आहे. मोठ्या शहरात राहणाऱ्यांना हा फरक कदाचित कळणार नाही, कारण तिथे दुरुस्ती करणारा दहा स्टॉपवर असतो. आमच्याकडे नवी की जुनी या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो, बिघडली तर कोणाकडे न्यायची?

घरी पोचले. आजी ओसरीवरच. बॅग उघडली, तिनं निळ्या लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, “मोडमा कितला येतीन?”

“जेवढ्याला घेतली जवळपास तेवढेच, आजी. घडणावळ आधीच गेलेली आहे.”

तिला पटलं. मान डोलावली. मग जरा वेळानं, पट्ट्यावरचं नाव बघत म्हणाली, “मग घडनावळ कोनी गयी?”

ती गेली धुळ्याच्या त्या पोराची. नवी घेतली तेव्हा त्यानं ती भरली होती. मी काही बोलले नाही. आत जाऊन अँप लावला, तीन पिनचा प्लग तपासला आणि झिजलेल्या पडद्यांवर बोटं ठेवली. सी कॉर्ड लागली. बोटांना जागा आधीच माहीत असल्यासारखी.

जुनी गिटार घेताय? हे विसरू नका!

- नेक आधी, रंग नंतर. डोळ्यापाशी धरून दोन्ही कडा बघा. वाक सुधारतो, पीळ सहसा सुधारत नाही. ट्रस रॉडचा नट झिजलेला असेल तर सरळ घरी या.
- बारावं फ्रेट. तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर. स्पर्श करून आणि दाबून येणारा सूर एकच हवा.
- करकर आणि सैल जॅक बघून घाबरू नका, भाव मात्र कमी करून घ्या.
- प्रसिद्ध नाव, पडेल भाव? मग नावावर संशय घ्या. लोगो, सीरियल नंबर, स्क्रूंची फिनिश बघा.
- बजेटचे तीन भाग करा. गिटार, अँप, आणि तारा-सेटिंग. सगळे पैसे गिटारवर उडवू नका.
- नवीन कधी घ्यावी? सोबत जाणकार नसेल, वॉरंटी देणारं दुकान जवळ असेल आणि दुकानदार सेटिंग करून देत असेल, तर बिनधास्त नवीन घ्या.
- ऊन. माळा, बंद कार, एसटीचा टप, खिडकीशेजारची भिंत, सगळं वर्ज्य. आतल्या खोलीत, बॅगेत ठेवा. मार्चमध्ये आणि पावसाळ्यात एकदा सेटिंग तपासून घ्या.
- आणि हो, धुळ्याला जाताय तर रिकाम्या पोटी परतू नका. झणझणीत शेवभाजी खा. फक्त खाऊन झाल्यावर हात नीट धुवा, मगच गिटारला लावा. तर्रीचं तेल फ्रेटमधून निघता निघत नाही, हे अनुभवाचे बोल!